जायफळं निवडताना

गुयावच्या गोदामात, वरच्या मजल्यावर,
आम्ही सहाजणी लांब बाकावर बसून जायफळं निवडतो.
नवऱ्यांबद्दल बोलायचं असं काही ठरलं नव्हतं.
पण हात कामात असले की जीभ सैल होते,
आणि कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

सुरुवात ऑडलिनपासून झाली.
चादरी मी पहाटे धुवायची, शेजार उठायच्या आत.
एकदा उजाडलं. दोरीवर तिसरी चादर,
कुंपणापलीकडे ही उभी.
म्हणाली, माझ्याकडे चिमटे जास्तीचे आहेत, देऊ?
तेव्हा मी तिची दोरी नीट पाहिली.
चार चादरी. घरात माणसं दोन.

अल्बनचा आकडा एप्रिलात एकशे बारा होता.
त्यानं तो होडीच्या शेडमध्ये भिंतीवर लिहिला,
पेन्सिलीनं, फळ्यांच्या मापांखाली,
येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, लाकडाचंच असेल काही.
मग चाळीस.
मग सहा.
सहाखाली त्यानं रेघ ओढली.
ही बेरीज की वजाबाकी, मी विचारलं नाही.

सुई दर तीन महिन्यांनी.
ती आजाराबरोबर आणखी काय काय झोपवते
ते डॉक्टरांनी त्याला सांगितलं, खाली बघून,
आणि त्यानं मला सांगितलं नाही, तेही खाली बघूनच.
मला कळलं ते आमच्या मधोमध आलेल्या उशीवरून.
पंधरा दिवस ती तिथंच होती.
सोळाव्या दिवशी मी तिचा अभ्रा धुवायला काढला
आणि उशी परत ठेवायची विसरले.
विसरले, असंच म्हणू.

ऑगस्टात एका रात्री तो ताडकन उठून बसला,
बनियन चिंब, कपाळावरून धारा.
‘हेस्टर, घर पेटलंय का?’
नाही रे, मी म्हटलं, तू पेटलायस.
पन्नाशीत मी अशीच उठायची.
तेव्हा हा कुशीवर वळून म्हणायचा, खिडकी उघड की.
बारा वर्षांनी मी उठून खिडकी उघडली.
ओला टॉवेल मानेवर कसा टाकायचा, ते दाखवलं.
मनगटं नळाखाली धरायची. आधी डावं.
मला हसू येत होतं. आणि राग. आणि तो इतका घाबरलेला.
बऱ्याच वेळानं अंधारातून म्हणाला,
‘तुला हे किती दिवस होत होतं?’
चार वर्षं.
पुढे काही बोलला नाही.
सकाळी कोकोचा चहा मात्र त्यानं केला,
जायफळ मूठभर किसून घातल्यासारखा कडू.
मी सगळा प्याले.

केस्टरचा फोन येतो टोरोंटोहून, रविवारी.
बाप सांगतो, पाठ धरलीय जरा.
मागच्या रविवारी फोन मी ओढून घेतला.
म्हटलं, तुझ्या आजोबांचीही पाठ अशीच धरली होती,
आणि ती सुटली ती शवपेटीत.
तू चव्वेचाळीसचा आहेस. रक्त तपासून घे.
पलीकडे बर्फ पडावं तसं गप्प.
मग म्हणाला, मम्मी, बाबा ऐकताहेत ना?
ऐकू देत.

टेल्माचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला.
तरी दर बुधवारी तीच सगळ्यांच्या आधी येते.
घरी करू काय, म्हणते, तिथं बाक नाही एवढा लांब.
क्लॅरिस नवऱ्याला शिव्या देते, नाव घेऊन घेऊन,
आणि त्याच्यासाठी मऊ गादीचं आसन शिवत असते मांडीवर.

आज व्हर्लिन पहिल्यांदा आली. लग्नाला सहा वर्षं.
सकाळभर एक शब्द नाही.
प्रत्येक जायफळ कानाशी धरून हलवत होती,
वाळलेलं आत खुळखुळतं, ओलं नाही,
हे तिला कुणीतरी सांगितलं असावं.
आमच्यातलं कुणी काही विचारलं नाही.
सुट्टीचा भोंगा झाला, पाट्या रचल्या,
आणि दाराशी पोचल्यावर, पाठमोरीच, तिनं विचारलं,
गादीवरचे डाग कशानं जातात?

आम्ही पाचहीजणी एकदम बोलायला लागलो.
लिंबू. नाही गं, आधी मीठ.
ऊन, पण उलटं पसरून.
थांब, म्हणाली ऑडलिन, माझ्याकडे चिमटे आहेत.